ऊन उभं दाराआड

छत्रपती संभाजीनगर,
१४ सप्टेंबर २०२५

चि. निशू,
आबांचा सप्रेम जय भीम.

तुझा फोन गाण्याच्या कंपनीकडं जमा असतो, असं तुझी आई रूपाली म्हणाली. म्हणलं, बरंच झालं, पत्र लिहायला निमित्त मिळालं. वीज मंडळात सारी उमर लोकांच्या घरचे मीटर वाचले, आकड्यांवर आकडे लिहिले. अक्षरांची हौस राहूनच गेली होती.

पोरी, काय गाणं केलंयत गं तुम्ही तिघींनी! पहिलंच गाणं आणि ही कमाल. कडुबा भाजीवाल्याच्या हातगाडीवर भोंगा आहे. त्यावर ‘मेथी, पालक, चुका’ अशी त्याची हाळी वाजायची. आता तुमचं ‘कडी’ वाजतं, आणि भाजी आली हे बायकांना त्यावरूनच कळतं. तुझी आई सांगत होती, सिडकोतल्या एका लग्नात नवरी मांडवात आली तीसुद्धा याच गाण्यावर नाचत. तुमच्या गटाचं ‘गेटवाल्या’ हे नाव पण झकास. दरवाज्यांच्या गावच्या पोरी, दुसरं काय नाव शोभलं असतं?

मी मात्र गाण्यावर नाचलो नाही. मी त्याचं रसग्रहण केलं. दौलताबादच्या शाळेत आम्हाला रामकिसन गुरुजी होते. खिडकीतून किल्ला दिसायचा. गुरुजी म्हणायचे, कविता आधी मोठ्यानं म्हणा, मग डोळे मिटून बघा, अर्थ सगळ्यात शेवटी. तसंच केलं.

कडी काढ गं, कडी काढ,
ऊन उभं हे दाराआड.
जिना चढतो, जिना उतरतो,
दारापाशी कोण थांबतो?

आता अर्थ. दार म्हणजे रूढी. कडी म्हणजे बाईच्या जातीला घातलेला धाक. ऊन म्हणजे शिक्षण, ते दाराशी येऊन ताटकळत उभं आहे. जिन्यावरून चढणारे-उतरणारे म्हणजे समाज, त्याला थांबायला सवड नाही. ‘ऊन उभं’ ही कल्पना मला फार आवडली. ऊन पडतं, ऊन चढतं, पण पाहुण्यासारखं उभं राहिलेलं ऊन मी प्रथमच पाहिलं.

दहापैकी नऊ गुण दिले. दारापाशी कोण थांबतो, हे विचारून कवयित्री उत्तर देत नाही, म्हणून एक कापला. आणि गाण्याच्या सुरुवातीला ते तीन ठोके आहेत ना, त्यांच्यानंतर दोन ठोक्यांची जागा मोकळीच सोडलीय. तबलजी विसरला की काय? पुढच्या वेळी सांग त्याला.

माझी तब्येत छान आहे. रोज संध्याकाळी फिरायला जातो. कडुबाच्या टाळूवर रुपयाएवढं टक्कल पडलंय. शाळेतून येणाऱ्या पोरींचे भांग इतके सरळ, जशा वाफ्यातल्या पाण्याच्या चाऱ्या. लिंबाच्या शेंड्यावर कावळ्यानं घरटं बांधलंय, त्यात निळी वायर विणलीय. मीटरवाल्याचं लक्ष वायरकडंच जाणार.

अर्थ बरोबर आहे का, ते कळव. हे पत्र आत्ता जाऊन पेटीत टाकतो.

तुझे,
आबा


मुंबई,
४ ऑक्टोबर २०२५

ती. आबा,
जय भीम.

तुमचं पत्र मी न्हाणीत जाऊन वाचलं. घरात तेवढीच एक जागा आहे जिथं आतून कडी लागते.

रागावू नका, असंच तोंडून आलं. इथं सगळं मस्त आहे. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वयंपाकाला बाई, खाली चौकीदार. बाहेर जायचं तर कंपनीच्या गाडीतून. आमचं सगळं इंद्रजीत सर बघतात. रोज सकाळी त्यांच्या फोनवर ते आकडा दाखवतात, आज इतक्या लोकांनी गाणं पाहिलं म्हणून. आम्ही टाळ्या वाजवतो. मग फोन त्यांच्या खिशात. आकडा इतका मोठा झालाय की तो मला वाचता पण येत नाही. तुम्ही असता तर वाचला असता.

मुलाखतीत सगळे एकच विचारतात, गाण्यातली मुलगी कुणाची वाट बघतेय? त्याचं उत्तर बसवून दिलंय. अमरीननं लाजायचं, सोनियानं डोळा मारायचा, मी म्हणायचं, ‘ते सीक्रेट आहे!’ मग तिघींनी हसायचं. हसणं कमी पडलं तर पुन्हा घेतात. कंपनीच्या मते ते प्रेमगीत आहे. करारात तसं लिहिलंय आबा, की गाण्याचा अर्थ कंपनी सांगेल.

तुमचा अर्थ मी दोघींना वाचून दाखवला. अमरीन म्हणाली, तुझ्या आबांना कंपनीत घ्यायला पाहिजे. सोनिया तोंड वळवून बसली. मी दुसरं गाणं लिहिलंय, पण सर म्हणाले, आधी हेच नीट पिळून घेऊ. त्यामुळं रोज ‘कडी’. सकाळी ‘कडी’, दुपारी ‘कडी’. झोपेत माझे पाय हलतात म्हणं.

तबलजी विसरलेला नाही. ती जागा मुद्दाम सोडलीय. का, ते मग सांगेन.

आबा, एक विचारू? मी इकडं आल्यापासून सकाळी आपलं दार कोण लावतं?

हे पत्र खालच्या इस्त्रीवाल्या सरूबाई टाकतील. तुम्ही पण त्यांच्याच पत्त्यावर लिहा, लवकर मिळतं.

तुमची,
निशू


छत्रपती संभाजीनगर,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. निशू,
सप्रेम जय भीम.

धम्मचक्र दिनाला तुझ्या आईनं खीर केली. तुझी आजी केसरबाई वेलची जरा जास्त टाकायची. तिला म्हणायचो, अगं खीर आहे, अत्तर नाही. आता तीच चव शोधतो.

दाराचं काय विचारतेस? दार दिवसभर उघडं असतं, छान वारा येतो. अभय आणि रूपाली सकाळी कामावर जातात, मी इथं राजा. तू उगा टेन्शन घेऊ नको.

तुझ्या बापाविषयी मनात काही आणू नकोस. गेल्या साली मी दौलताबादला गेलो होतो, तुला आठवतं. सगळे म्हणतात, मी परतीचा रस्ता विसरलो. तसं नाही. मी शाळेच्या व्हरांड्यात बसलो आणि चौथीतली एक कविता म्हणायला लागलो. शेवटची ओळ आठवेना. ओळ आठवल्याशिवाय उठायचं नाही, ही गुरुजींची शिस्त. बसून राहिलो. किल्ल्यावरचे दिवे गेले, कुत्री येऊन हुंगून गेली. उजाडल्यावर बघतो तर समोर अभय. एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्या पायात रूपालीची. नुसता माझ्या गुडघ्याला धरून बसला. माझा मुलगा कधी इतका लहान दिसला नव्हता.

घाबरलेला माणूस वाईट नसतो निशू. फक्त त्याला दुसरं काही सुचत नाही.

आता तू सांग. तुझ्या पत्रात समुद्र कुठंय? मुंबईत जाऊन महिने झाले आणि एका ओळीत पण समुद्र नाही? मी एकदाच पाहिला, पण त्यावर वहीची चार पानं लिहिली होती. तू तर कवयित्री.

काल फिरताना पाहिलं, समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर कुणी बाई गहू वाळवते. चिमण्या येतात. लिंबावरचं घरटं रिकामं झालं. पोरांच्या टोप्या लाल, निळ्या, एक पिवळी. वरून ऊन पडलं की रांगोळीच.

तुझे,
आबा


मुंबई,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आबा,

तुम्ही खोटं बोलता.

समुद्र मी पाहिलेला नाही. गाडीच्या काचा काळ्या आहेत. झालं? आता माझी पाळी.

तुमची दोन्ही पत्रं मी समोर ठेवलीयत. त्यात कडुबाची टाळू आहे, पोरींचे भांग आहेत, टोप्या आहेत, झाडाचा शेंडा आहे, गच्ची आहे. एकाही माणसाचा चेहरा नाही. खाली चालणारा माणूस झाडाचा शेंडा बघत नाही आबा, तो बुंधा बघतो. आणि दुसऱ्या पाकिटाला बाहेरून मेथीचं पान चिकटलंय. तुम्ही पेटीपर्यंत गेलाच नाहीत. भाजीची थैली दोरीनं गॅलरीतून खाली सोडता, त्यातच पत्र टाकता, आणि ते कडुबा पेटीत टाकतो.

म्हणजे कडी अजून आहे.

गाण्याचा अर्थ तुम्ही विचारला होता. रूढी नाही, शिक्षण नाही, प्रेम तर नाहीच. आपलं दार आहे ते, तिसऱ्या मजल्यावरचं. दौलताबादहून तुम्हाला आणल्यावर पप्पांनी दाराला बाहेरून कडी बसवली. सगळ्यात शेवटी कॉलेजला मी निघायची, म्हणून लावायचं काम माझ्याकडं. कडी सरकवली की मी तुमचीच मीटरवाली टकटक करायची, तीन ठोके. तुम्ही आतून दोन द्यायचे. म्हणजे, मी ठीक आहे, जा तू. मग मी पायऱ्या उतरायची.

ते तीन ठोके म्हणजे गाण्याची सुरुवात. आणि ती मोकळी जागा तुमची आहे. इंद्रजीत सरांना ती लई आवडते. लोक तिथं टाळ्या वाजवतात. हजारो लोक आबा, तुमच्या जागेवर. मला मात्र दरवेळी वाटतं, आतून उत्तर आलं नाही.

तिसरं कडवं पण होतं. कंपनीनं काढलं. म्हणाले, चष्म्यावर आणि काठीवर कोण नाचणार?

काठी कोपऱ्यात, चष्मा उशाला,
कडी बाहेरून लावली कशाला?

आता बातमी. २० डिसेंबरला आपल्या शहरात कार्यक्रम आहे, जालना रोडच्या मोठ्या लॉनवर, आपल्या बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर. चिकलठाण्याला विमानानं उतरायचं, गायचं आणि लगेच परत. घरी जायची परवानगी मागितली. नाही म्हणाले. पण पास तीन मिळाले. पहिल्या रांगेत, पप्पा, मम्मी आणि मध्ये तुम्ही.

तुम्ही समोर दिसलात की मी नुसतं गाईन, हसेन, सगळं बसवल्यासारखं करीन. नाही दिसलात तर मात्र माझा मला भरवसा नाही.

तुमची,
निशू


छत्रपती संभाजीनगर,
२६ नोव्हेंबर २०२५

चि. निशू,

पकडलंस. मीटर फिरवणारे लोक मी असेच पकडायचो, एका लहान खुणेवरून.

खरं आहे ते. सकाळी अभय जाताना कडी लावतो. नंतर मी आतल्या बाजूला बसतो. जिना ऐकतो. कोण चढलं, कोण उतरलं, कुणाची चप्पल घासते, सगळं ओळखतो. समोरच्या मुक्ताबाई दोन पायऱ्या चढून एकदा थांबतात, त्यांना दम लागतो. निम्म्या शहराच्या दारांवर मी टकटक केली पोरी. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावरून घर कळायचं मला. दाराच्या या बाजूनं जिना ऐकायची वेळ येईल, हे कधी मनात आलं नव्हतं.

पण तू ते कडवं गाऊ नकोस. माझी शपथ नाही घालत, विनंती करतो. तुझा करार आहे. आणि समोर तुझा बाप बसलेला असेल. चारचौघांत त्याची मान खाली जाईल असं काही करू नकोस. त्यानं कबूल केलंय मला न्यायचं. रूपालीनं माझा पांढरा सदरा कडक इस्त्री करून हँगरला लावलाय. मी रोज त्याच्याकडं बघतो. मी येणार म्हणजे येणार.

मध्ये बसीन. दोन ठोके देईन. तू ऐक.

तुझे,
आबा


छत्रपती संभाजीनगर,
११ जानेवारी २०२६

चि. निशू,
सप्रेम जय भीम.

कार्यक्रमानंतरचं हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोन्हीला उत्तर नाही. त्या दिवशी काय घडलं ते तुला स्टेजवरून अर्धंच कळलं असेल, म्हणून पुन्हा सगळं लिहितो.

दुपारपासून जालना रोड माणसांनी भरला. अभय गॅलरीत उभा राहून बघत होता आणि मी सदरा घालून खुर्चीवर. त्याचा चेहरा हळूहळू दौलताबादच्या सकाळसारखा झाला. म्हणाला, ‘आबा, या गर्दीत तुमचा हात सुटला तर मी काय करू? पोरीला बघू का तुम्हाला हुडकू?’ मी म्हणलं, जा तुम्ही, मला इथून ऐकू येतं. रूपालीला वाईट वाटलं, तिनं खीर काढून ठेवली. मग ते गेले, आणि सवयीनं कडी सरकली.

गॅलरीत बसलो. तुमचं गाणं सुरू झालं. तीन ठोके आले तसे मी कठड्यावर काठीनं दोन दिले. हजारो टाळ्या पडल्या त्यात माझे दोन बुडाले. मग मध्येच वाजंत्री थांबली. आधी वाटलं लाइट गेली. तेवढ्यात तुझा एकटीचा आवाज आला, साजाशिवाय, घरात म्हणायचीस तसा. काठी कोपऱ्यात, चष्मा उशाला. मी विनवलं होतं तुला. तरी खरं सांगतो, त्या वेळी मला थांब म्हणावंसं वाटलं नाही.

पुढं तू बोललीस ते वाऱ्यानं नेलं. ते मला मुक्ताबाईंकडून कळलं. त्या घरी बसून फोनवर कार्यक्रम बघत होत्या. तू म्हणालीस म्हणं, ‘माझ्या आबांची खुर्ची रिकामी आहे. इथून आमचं घर दिसतं. दाराला नुसती कडी आहे, कुलूप नाही. कुणालाही काढता येते. मलाही येत होती.’ आणि माईक बंद झाला.

थोड्या वेळानं समोरचं दार वाजलं. चपला घासल्या. माझ्या दारापाशी कुणीतरी थांबलं. तीन ठोके पडले. मी उठलो, भिंत धरत आलो, आतून दोन दिले. कडी सरकली. दारात मुक्ताबाई उभ्या, हातात फोन तसाच. म्हणाल्या, ‘भाऊ, रोज ही कडी बघत जिना चढते मी. म्हणलं, आपल्या घरची गोष्ट नाय.’ एवढं बोलून त्या पायरीवरच बसल्या. त्यांच्या गालावर तीळ आहे निशू. इतकी वर्षं समोर राहतात, मला माहीत नव्हतं.

दार उघडं होतं, आणि मी उंबऱ्याच्या आतच उभा. पाऊल निघेना. अभय धावत आला. लोकांनी ओळखलं असेल त्याला, पण तो त्याबद्दल अजून बोललेला नाही. उघडं दार बघून जिन्यातच थबकला. मला आत बघितलं आणि म्हणाला, ‘तुम्ही गेला नाहीत?’ मी म्हणलं, कुठं जाऊ? तुझी वाट बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कडी उचकटून काढली. चौकटीत भोकं राहिलीयत. त्यात तो बोट घालून बघतो अधूनमधून.

आता मी खाली जातो. पहिल्या दिवशी कडुबाजवळ गेलो तर त्यानं मला ओळखलंच नाही, त्याला माझी फक्त थैली माहीत. डोळे घारे आहेत त्याचे, आणि एक दात सोन्याचा. लिंबाच्या बुंध्याला कुणीतरी खिळे मारलेत. हे सगळं मी तुझ्यासाठी बघून ठेवतो. पण घरी आलो, दार लोटलं, खुर्चीत बसलो की कान तिकडंच लागतात. कडीचा आवाज झाल्याशिवाय सकाळ झाली असं वाटतच नाही. लोखंड गेलं, आवाज अजून आहे. तो जायला वेळ लागेल.

आणि तू?

नव्या वर्षाच्या कार्यक्रमात टीव्हीवर गेटवाल्या तिघीच होत्या, पण तिसरी तू नव्हतीस. सोनियानं डोळा मारला नाही. निवेदक म्हणाला, निशाला विश्रांतीची गरज आहे. अभयनं त्या इंद्रजीतला फोन केला, त्यानं पण विश्रांतीच सांगितली. मग सरूबाईंचा फोन आला. त्यांना आता वर सोडत नाहीत, कपडे चौकीदारच खाली आणतो. करार संपेपर्यंत तुला दुसरीकडं गाता येणार नाही, असं चौकीदार म्हणत होता. तुझ्या कुर्त्याच्या घडीत हे पत्र ठेवायचं त्यांनी कबूल केलंय. हुशार बाई आहे.

तुझं गाणं अजून जोरात आहे. कडुबाच्या भोंग्यावर वाजतं, पोरं नाचतात. पण आमच्या बिल्डिंगीत आता त्या मोकळ्या जागी कुणी टाळ्या वाजवत नाही. थांबतात. मी कापलेला गुण परत देतो. उत्तर होतं, मला दिसलं नव्हतं.

आता नीट वाच. पुढच्या आठवड्यात आम्ही मुंबईला येतोय. अभयनं रजा टाकलीय. त्याला रस्ता आठवतो, मला दार वाजवता येतं. माझी जुनी खाकी झोळी पेटीतून काढलीय, टॉर्च नवीन घेतली. चौकीदाराला सांगीन, मीटर बघायला आलोय. माझ्या उमरीत मीटरवाल्याला कुणी अडवलं नाही, फार तर बसा, पाणी घ्या म्हणाले. आत येणाऱ्याला थोपवायला माणूस ठेवलाय ना तिथं? मीटरवाला तर आतला-बाहेरचा कुणीच नसतो.

अकरा मजले आहेत. लिफ्ट असेलच. नसली तर थांबत थांबत चढीन, मुक्ताबाईंसारखा.

तुझ्या दारापाशी थांबीन. तीन ठोके देईन. तू आतून दोन दे. मग कडी काय, कुलूप काय, ते अभय आणि मी बघतो.

परत येताना समुद्र बघू.

तुझे,
आबा